गिरणीतला अँप्लिफायर

ट्रान्सफॉर्मर निघाला शाळेच्या मेलेल्या यूपीएसमधून,
हीटसिंक टेकाळ्यांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीतून,
स्पीकर टेम्पोचा. त्याचा कागद उंदरानं
कडेनं कुरतडलेला, म्हणून मी
पतंगाचा कागद डकवला, गिरणीतल्याच पिठाच्या खळीनं.
कॅपॅसिटर मोईनमियाँनी भंगाराच्या काट्यावर तोलून दिले,
वर एक मूठ तशीच,
भाजीवाल्यानं कोथिंबीर टाकावी तशी.

मानवतच्या मोंढ्यामागं माझी गिरणी.
दिवसभर पट्टा फिरतो. बाया ओठांकडं बघून बोलतात.
रेडिओ लावला तर त्याचा नुसता दिवा दिसतो.
म्हणून म्हटलं, गिरणीपेक्षा मोठ्यानं बोलणारं काहीतरी
आपणच करावं.
"कामून बरं?" शेवंताबाईनं विचारलं, डबा ठेवत.
मला पटकन सांगता आलं नाही.
"बारीक का जाडं?" मी विचारलं.

वय एकेचाळीस. शिक्षण नववी, गणितात पस्तीस.
रेझिस्टरचे पट्टे बांगड्यांसारखे पाठ केले:
तपकिरी काळा लाल, एक हजार.
तपकिरी काळा पिवळा, एक लाख.
एका रंगानं हजाराचे लाख होतात
हे मला बँकेतसुद्धा कुणी सांगितलं नव्हतं.

डाग देताना हात हलायचा.
आधी जोड तापवायचा, मग शिसं लावायचं;
मी उलटं करायची, आणि शिसं
साबुदाण्यासारखं घरंगळून जायचं फरशीवर.
बोटाला तीन फोड. तव्याचा चटका ओळखीचा असतो,
हा निराळा, सुईएवढा, आत जाणारा.

पहिल्या खेपेला एक कॅपॅसिटर उलटा बसला.
पांढरी पट्टी म्हणजे उणे. मी ती अधिकाकडं लावली.
फट्.
टोपी पत्र्याला लागून खाली आली
आणि पिठाच्या वासात सडक्या माशाचा वास मिसळला.
दुसऱ्या दिवशी एकीनं दळण परत नेलं, न दळताच.

मोईनमियाँ आले. चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
सगळं वायरिंग बघितलं, च्च केलं,
म्हणाले, "पैले सिरीज में बल्ब लगाव बाई,
बाद में हिम्मत."

साठ वॅटचा बल्ब.
लख्ख पेटून राहिला तर कुठंतरी शॉर्ट.
क्षणभर पेटून विझत आला, तर सगळं बरं.
मी जन्मभर दिवा मंदावला की धास्तावलेली:
इथं व्होल्टेज पडलं की जातं अडकतं,
पट्टा घसरतो, बाया रांगेत कुरकुरतात.
आणि त्या रात्री बटण दाबून
मी दिवा विझायची वाट बघत बसले.

पेटला.
मग तार लाल झाली.
मग तीही दिसेना.

स्पीकरमधून बारीक सळसळ,
चाळणीतून कोंडा पडतो तेवढीच.
गाणं लावावं तर मोबाइल पोराकडं, पोरगा परभणीला.
"इनपुट कू उंगली लगाव," मियाँ म्हणाले.
लावली.

घूंऽऽऽ

डब्यांची झाकणं वाजायला लागली.
तराजूचं रिकामं पारडं थरथरलं.
मियाँ सांगत होते, हे लाइनचं आहे,
भिंतीतल्या वायरींतून हवेत येतं, अंगात शिरतं,
माणूस म्हणजे उभी एरियल.
असेल.
बोट काढलं. गप्प.
लावलं. घूंऽऽ
काढलं.
वीस वर्षं मोटारीशेजारी उभी आहे मी,
आणि माझ्यातून एवढा आवाज जातो
हे मला ठाऊक नव्हतं.
मियाँ म्हणाले, उद्या पिन आणू, गाणं लावू.
हो म्हटलं. परत बोट लावलं.

शटरवर थाप. शेवंताबाई, काखेत डबा:
"गिरणी चालू दिसती. दोन पायल्या घेतीस का दळून?"
मी उद्या म्हणाले.
तिला ऐकू गेलं नाही.
ती माझ्या ओठांकडं बघत होती.